घरटी एक गाडी

४ नोव्हेंबर

आज ग्रामसेवक स्वतः घरी आले. पंचायत समितीतून निवृत्त झाल्यापासून तीन वर्षांत माझ्याकडे कामाचा कागद घेऊन आलेला हा पहिलाच माणूस, म्हणून सौ. सोजराला दोनदा चहा करायला लावला. कागद एसटीच्या आगाराचा होता. गावच्या मुक्कामी गाडीला उत्पन्न पुरत नाही. तरी घरोघरी खासगी वाहनं किती, लोक कामाला कसे जातात आणि एसटीची गरज किती जणांना, याची माहिती पाठवावी, असा मजकूर.

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी साडेसातला येऊन रात्रभर मारुतीच्या देवळापुढं उभी राहणारी आणि सकाळी सहाला विंझर, नसरापूर, कापूरहोळ करत भोरला जाणारी. ड्रायव्हर-कंडक्टरचं रात्रीचं जेवण गावानं पाळीनं द्यायचं, ही पद्धत मी लहान होतो तेव्हापासूनची. हल्ली निम्म्या घरांनी पाळी सोडली. ज्यांच्या अंगणात मोटारसायकल आली त्यांना भाकरी थापणं जड होतं. सोजराच्या हातचा डबा मात्र आठवड्यातून तीनदा जातो.

गाडी बंद वगैरे होणार नाही. अशी पत्रं मी चौतीस वर्षं पाहिली आहेत. पण माहिती मागितली आहे तर ती चोख गेली पाहिजे.

५ नोव्हेंबर

चार रकाने आखले. कुटुंबप्रमुखाचं नाव, वाहन आहे किंवा नाही, कामाला कसे जाता, एसटीची गरज. आरती जेवण वाढताना वाकून बघत होती. माझ्या मुलाची, रोहिदासची, बायको शिकलेली आहे, तिला अशा कामात रस वाटतो.

तिची सलग हजेरी आज सहाशे चव्वेचाळीस दिवस. कापूरहोळजवळच्या ज्या कंपनीत ती पॅकिंगला जाते, तिथं दोन वर्षं अखंड भरली की नाव कायमच्या पटावर चढतं. ३१ जानेवारीला भरतात. तिच्या पहिल्या दिवशीच मी सांगितलं होतं, बाकी काहीही होवो, सेवेत खंड पडू द्यायचा नाही. माझ्या सेवापुस्तिकेत एक दिवसाचाही खंड नाही. स्वयंपाकघराशेजारच्या कॅलेंडरवर रोज सकाळी ती गेली की लाल शाईनं ठिपका मी देतो. या घरात तिच्या नोकरीची काळजी माझ्याइतकी कुणी करत नसेल.

८ नोव्हेंबर

तीन संध्याकाळी गेल्या, काम झालं. मुद्दाम सातनंतर गेलो, कारण कुटुंबप्रमुख तेव्हाच घरी सापडतो. सेहेचाळीस घरं. त्यात चाळीस घरांत दुचाकी, कुठं दोन, चार घरांत टेम्पोही. बाजीच्या दारात तर तीन गाड्या, त्यातली एक कायम झाकलेली. ऊर भरून आला. माझ्या लग्नात अख्ख्या गावात एकच सायकल होती, आणि तीही मास्तरांची.

लोक मात्र प्रश्नाला धरून बोलत नाहीत. मी बाजीला विचारतोय आणि आतून त्याची बायको म्हणते, "गाड्या हायती, पर माज्या हाताला त्यातली एक बी लागत न्हाई." आता रकाना 'वाहन आहे का' असा आहे, 'कुणाच्या हाताला लागतं' असा नाही. शेवटच्या घरची फुलाबाई तर हसायलाच लागली. म्हणाली, नातवाची गाडी तिकडं पुण्याला, तिचे गुडघे हितं, मग काय लिहिणार? मी 'दुचाकी एक' असं लिहिलं. गाडी घरचीच ना.

९ नोव्हेंबर

पक्की प्रत केली. आमच्या घरापुढं लिहिलं: दुचाकी दोन. एक रोहिदासची मोटारसायकल, तो शिरवळला रात्रपाळीला जातो. दुसरी माझी स्कूटर. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, आकाशी, अजून एक ओरखडा नाही. एसटीची गरज: नाही.

आरती रोज एसटीनं जाते हे खरं. पण ती तिची सोय झाली, गरज नव्हे. दोन वाहनं असलेल्या घराला गरज दाखवणं हे खोटं प्रमाणपत्र दिल्यासारखं होईल, आणि मी असलं काही आयुष्यात केलेलं नाही.

एकूण गरज: सहा घरं, अकरा माणसं. खाली सही केली. वर्तमानपत्राची छपाई अलीकडं फार फिकट येते, पण माझं अक्षर अजून ठसठशीत आहे.

२ डिसेंबर

आगाराचं उत्तर आलं. पंधरा तारखेपासून मुक्कामी गाडी बंद. 'आपण सादर केलेल्या परिपूर्ण माहितीच्या आधारे' असं स्पष्ट लिहिलंय, आणि माझी यादी जशीच्या तशी जोडली आहे. एकही खाडाखोड नाही, एकही शंका काढलेली नाही.

गाडी जाण्याचं वाईट वाटलं. तरी परिपूर्ण हा शब्द मी नोकरीत असताना कुणी वापरला नव्हता. सोजराला पत्र वाचून दाखवलं तर ती चुलीपुढून उठलीच नाही. आरतीनं पत्र हातात घेतलं, घडी घालून परत दिलं आणि भांडी घासायला गेली.

१४ डिसेंबर

शेवटचा मुक्काम. मानसिंग ड्रायव्हर सात वर्षं या गाडीवर. सोजरानं त्याला वांग्याचं भरीत, भाकरी आणि जाताना शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. तो म्हणाला, "वैनी, आता कुठल्या गावात असं गरम खायला मिळायचं?" सोजरा पदरानं डोळे पुसत होती. सात वर्षांत तो माझ्याशी जितका बोलला नाही तितका तिच्याशी बोलला.

१६ डिसेंबर

आज आरती आणि पलीकडची मंगल पहाटे पावणेपाचला निघाल्या. फाटा चार किलोमीटर. तिथून वडापची जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. कंपनीचं फाटक साडेसातला बंद होतं. रोहिदास रात्रपाळी करून साडेआठला घरी येतो, त्यामुळं त्याची मोटारसायकल ऐन वेळेला शिरवळला असते. ही अडचण यादी करताना माझ्या लक्षात आली नव्हती. पण त्यात काय, माझी स्कूटर आहेच. उद्यापासून फाट्यापर्यंत मी सोडीन.

१७ डिसेंबर

आरतीला सोडलं. दाट धुकं होतं. समोरून येणारे लोक दिवे फारच प्रखर ठेवतात, काही दिसू देत नाहीत. यावर कुणीतरी तक्रार करायला हवी.

१९ डिसेंबर

मोरीजवळ गाडी थोडी कडेला उतरली. धनगरवाड्यावरची मेंढरं रस्त्यात होती, आणि ती आरतीला आधी दिसली. ती ओरडली म्हणून ब्रेक लागला. कुणाला काही झालं नाही. स्कूटरला मात्र पहिला ओरखडा पडला.

संध्याकाळी आरती म्हणाली, "मामा, उद्यापासनं म्या मंगलसंगट चालतच जाते. तिला एकटीला अंधाराचं भ्या वाटतं." चांगली सोबतीण आहे. व्यायामही होईल.

२८ डिसेंबर

आरती आता चारला उठते. डबे भरायचे, पाणी भरायचं, मग निघायचं. संध्याकाळी फाट्यावरून पुन्हा चालत, घरी यायला आठ. जेवताना डोळे मिटतात तिचे. मी म्हणालो, एवढा महिना काढ, मग कायम झालीस की सगळं सोपं. ती म्हणाली, "व्हय." दोनदा उशीर झालाय म्हणे, जीप भरेना म्हणून. तिसऱ्यांदा झाला तर आत घेत नाहीत, हजेरी तुटते.

चौतीस दिवस राहिले. रोज ठिपका देताना माझाच जीव मुठीत असतो.

६ जानेवारी

सकाळी अंगणात नळाला धडकलो. कुणीतरी बादली मध्येच ठेवली होती. सोजरा म्हणते डोळे दाखवा. मी म्हणालो, बादल्या जागेवर ठेवा.

रोहिदासनं सुचवलं, आरतीला स्कूटर शिकवू. मी सांगितलं, नवीन हाताला दिली की गाडी बिघडते. तो उठून बाहेर गेला. माझं बोलणं त्याला पटलं असावं.

१३ जानेवारी

आरती दुपारी बारालाच घरी आली. जीप पाऊण तास भरली नाही. सात बत्तीसला फाटकावर पोचली, आणि फाटक बंद.

ती जेवली. कपडे धुतले. मग मी ओसरीवर बसलो असताना तिनं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, पुसलं आणि पुन्हा लावलं, पण भिंतीकडं तोंड करून.

सातशे बारा दिवस. एकोणीस राहिले होते.

१४ जानेवारी

संक्रांत, पण घरात कुणाच्या तोंडात तिळगूळ नाही. मी कंपनीला अर्ज लिहायला बसलो. आरतीनं नको म्हटलं. साहेबानं सांगितलंय, यायचं तर पहिल्या दिवसापासून या. मी म्हणालो हा अन्याय आहे, सेवाखंड क्षमापित करण्याची तरतूद असते. तेव्हा सोजरा आतून आली. चाळीस वर्षांत ती माझ्या कागदांना कधी शिवली नव्हती. तिनं यादीची प्रत माझ्यापुढं टाकली.

"ह्यात आरती कुठं हाय, दावा."

मी म्हणालो, अगं, ही घरवार यादी आहे.

"मंग घराला पाय हायती का? कामाला घर जातं का माणूस?"

मी यादी उजेडात नेली. अक्षरं फिकट होती, नाकाशी धरून वाचली. सेहेचाळीस नावं. हनुमंत, बाजी, चिमाजी, ज्ञानू. त्रेचाळीस पुरुष आणि तीन विधवा. आरती नाही. सोजरा नाही. मंगल नाही. बाजीची बायको विंझरच्या अंगणवाडीत मदतनीस आहे, रोज एसटीनं जायची, तिचं नाव काय हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. शाळेच्या मुली नाहीत. जी माणसं रोज सकाळी सहाला देवळापुढं उभी राहायची, त्यांतलं जवळपास एकही माणूस माझ्या परिपूर्ण यादीत नव्हतं.

आणि आरती माझ्या घरातली. तिच्या हजेरीचे ठिपके मी दिले, आणि तिची गाडी मीच बंद केली. मला माझीच लाज वाटते.

१५ जानेवारी

आरतीला म्हणालो, चूक माझी झाली. ती भाकरी थापत होती. हातातली तव्यावर टाकली.

मग म्हणाली, "तुमी रकाने आखत व्हता तवाच मला वाटलं हुतं, मामा. पर तुमी काय इचारलंच न्हाई."

विचारायला ती दोन हातांवर होती. वाकून यादी बघत होती ती. मला वाटलं, रस आहे.

१८ जानेवारी

नवी यादी. या वेळी घर नाही, माणूस. चौदा वर्षांवरचा प्रत्येक जण. आणि संध्याकाळी सातला नाही, सकाळी, पुरुष बाहेर पडल्यावर. मी एकटा गेलो तर बायका पदर ओढून आत जातात, म्हणून सोजरा बरोबर. ती विचारते, मी लिहितो. नवा रकाना तिनं सांगितला: गाडी तुमच्या हाताला लागते का.

बाजीच्या बायकोचं नाव बनाबाई. झाकलेली तिसरी गाडी पुण्याच्या मुलाची आहे, तो दिवाळीला येतो तेव्हा फिरवतो. बनाबाई महिनाभर विंझरला चालत जातेय. फुलाबाई बीपीच्या गोळ्या आणायला जात होती, गाडी गेल्यापासून गोळ्याच बंद आहेत. तीन मुलींची कॉलेजं घरच्यांनी थांबवली, अंधारात फाट्यापर्यंत पाठवायचं कसं म्हणून. ज्या घरापुढं मी मोठ्या अक्षरात 'दुचाकी तीन' लिहिलं होतं, त्याच घरच्या मागच्या दारी उभं राहून हे सगळं ऐकत होतो.

२१ जानेवारी

यादी पुरी झाली. माणसं एकशे एकोणसाठ. त्यांतली गाडी हाताला लागणारी बावन्न. आमचं घर शेवटी ठेवलं होतं. सोजरानं रोहिदासला विचारलं, आरतीला विचारलं, स्वतःचं सांगितलं. मग माझ्याकडं वळली आणि इतर बायकांना विचारायची त्याच सुरात म्हणाली, "हनुमंतभाऊ, गाडी तुमच्या हाताला लागती का?"

मी व्हय म्हणणार होतो. आरती दारात उभी होती. मोरीजवळ ती कशी ओरडली ते मला आठवलं. मेंढरं चाळीस-पन्नास होती, पांढरीशुभ्र, आणि मला एकही दिसलं नव्हतं. धुक्याला आणि दिव्यांना दोष देत मी तिला तीन सकाळी मागं बसवून नेलं. ती बसली, कारण सासऱ्याला नाही कसं म्हणायचं.

सोजराला सांगितलं, लिही, नाही. मग आठवलं, लिहिणारा मीच होतो.

२६ जानेवारी

ग्रामसभेत यादी वाचली. बाजी उठून उभा राहिला. "घरात तीन गाड्या असून बायकू चालत जाती, असं लिहून आगारात देणार व्हय? गावाची अब्रू काढताय."

त्याचा राग मला कळत होता. दोन महिन्यांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. मी म्हणालो, बाजी, आधी माझी अब्रू जाऊ दे. आणि पहिली ओळ वाचली. हनुमंत, वय एकसष्ट, घरात गाड्या दोन, चावी खिशात, डोळ्यांना दिसत नाही, एसटीची गरज आहे.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, हसतील. मग मागून बनाबाई म्हणाली, "माजं बी वाचा, भाऊ." तिचं वाचलं. मग एकेक बाई आपलं वाचायला सांगू लागली, आणि बाजी केव्हा खाली बसला ते कळलं नाही.

२९ जानेवारी

यादी घेऊन स्वतः आगारात गेलो. घरून पावणेपाचला निघालो, आरती आणि मंगलच्या मागून चालत. आरतीनं परत पहिल्या दिवसापासून काम धरलंय. अंधारात ती दर खड्ड्याला सांगायची, मामा, डावीकडनं या. फाट्यावर जीपमध्ये चौदा जण बसलो. माझ्या मांडीवर कुणाची तरी मेथीची जुडी होती. नोकरीत असताना प्रवासभत्त्याची हजारो बिलं मी तपासली, पण कुणी कसं जातं हे आज कळलं.

आगारातले साहेब सरळ माणूस निघाले. दोन्ही याद्या शेजारी ठेवून म्हणाले, दोन्हीखाली सही तुमचीच आहे. मी म्हणालो, होय, पहिली चुकीची आहे. सरकारी कागदावर हे वाक्य मी कधी लिहिलं नव्हतं. त्यांनी ते लिहूनच मागितलं, आणि मी लिहून दिलं. तीन महिने गाडी सोडून बघतो म्हणाले. माणसं टिकली तर ठेवू.

३१ जानेवारी

आज आरती कायम झाली असती. सोजरानं शिरा केला होता, तो कशासाठी ते कुणी विचारलं नाही.

७ फेब्रुवारी

आरतीला स्कूटरची चावी देऊ केली. रोहिदास रविवारी शिकवेल म्हणालो. बिघडली तर बिघडू दे.

ती म्हणाली, "चावी खिळ्याला ठिवा. शिकते. फुलाबाईला गोळ्याला न्यायला बरी पडंल. पर कामाला म्या एसटीनंच जाणार."

मी विचारलं, का. आजकाल विचारतो.

"गाडीत बसल्यावर पाऊण तास मला कुणी काय सांगत न्हाई. मंगल खांद्यावर डोकं टाकून झोपती, म्या खिडकीतनं बगते. दिसभरात तेवढाच माजा असतो."

म्हणजे मी तिची नुसती नोकरीच नाही, हेही हिरावून घेतलं होतं. कुठल्या रकान्यात बसवायचं हे?

९ फेब्रुवारी

गाडी आली. साडेसातला घाटाच्या वळणावर तिचा आवाज ऐकू आला आणि चुलीपुढच्या बायका पीठ भरल्या हातांनी बाहेर आल्या. मानसिंगच होता. आज डब्याची पाळी कुणाची, यावरून सोजरा आणि बनाबाईची जुंपली. शेवटी त्याला दोन घरी जेवावं लागलं.

१० फेब्रुवारी

भोरला डोळ्याच्या डॉक्टरांकडे निघालो, सहाच्या गाडीनं. कंडक्टर तिकिटं फाडत आला. सगळ्या बायका, सगळी अर्धी तिकिटं. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "काका, आज गाडीत पूर्ण तिकिटाचे तुमी एकटेच." मंगल हसली. मीही हसलो.

आरती दोन बाकं पुढं खिडकीशी बसली होती. मी तिच्याशी बोलायला गेलो नाही. कामथडीपर्यंत ती बाहेरच बघत होती. बाहेर काय दिसतं ते मला दिसत नव्हतं, नुसता राखाडी उजेड होता. कापूरहोळला उतरताना ती माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, संध्याकाळी जीपनं कापूरहोळपर्यंत या, पुढं याच गाडीत जागा धरून ठेवते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. होळीनंतर एक, मग दुसरा. येताना कापूरहोळला तिच्यामागून चढलो, तर गाडी भरली होती. तिनं ओढणी टाकून खिडकीची जागा धरली होती. ती स्वतः उभी होती.

घरी आल्यावर कॅलेंडर सरळ केलं. ठिपका द्यायला पेन उघडलं आणि मग तिलाच विचारलं, देऊ का. ती म्हणाली, ह्या येळंला म्या देते. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं, मागं जाऊन कामावर परत रुजू झाली त्या तारखेपासून एकेक ठिपका दिला, आणि खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. मला वाचता आलं नाही. सोजरानं वाचून दाखवलं: दिवस पंधरावा.